काळबांडे बाईंचा पेपर

काळबांडे बाईंनी "तुला जमेल हं" असं आयुष्यात कोणाला म्हटलं नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच, "सुभद्रामावशीले सांगून ये."

सुभद्रामावशी आमच्या कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. कोणत्याही पोरीने काही प्रयोग केला, चार आकडे काढले, की बाई तिला वहीसकट स्वयंपाकघरात धाडायच्या. तिथं चुलीपाशी उभं राहून, धूर खात, आपला प्रयोग मावशीला समजावून सांगायचा. आपल्या वऱ्हाडीत सांगायचा. आणि मावशीने उलटा एक तरी प्रश्न विचारला पाहिजे. ती नुसती "हो माय, बरं केलं" म्हणाली की आम्ही नापास. मी पहिल्यांदा गेले ते उडीचा प्रयोग घेऊन. वाळूत उडी मारताना हात वर झोकले की उडी लांब जाते, एवढंच माझं संशोधन. मावशीने पोळी उलटली आणि म्हणाली, "मंग डोक्यावर भारा असला, हात वर धरलेलेच असले, त कसं?" परत येऊन सांगितलं तर बाई टेबलावर थाप मारून हसल्या. "घे! तुह्या पुढच्या वर्षाचं काम मावशीनं काढून देल्लं."

कॉलेज वर्ध्याच्या बाहेर होतं, शारीरिक शिक्षणाचं. नाव सांगत नाही. त्यातली बरीच मंडळी अजून हयात आहेत आणि मला भांडायला आता दम राहिला नाही. माणूस चालतो कसा, वाकतो कसा, ओझं उचलतो तेव्हा कंबरेवर किती जोर येतो, हे शिकवणारा एक विभाग तिथं होता. त्याला सगळे बायोमेकॅनिक्स म्हणायचे आणि त्याचा अर्थ विचारला की मोठ्या सरांकडे बोट दाखवायचे. मोठे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. काळबांडे बाई त्यांच्या हाताखाली प्रात्यक्षिकं घ्यायच्या. मी तळेगावहून तिथं शिकायला गेले तेव्हा प्रात्यक्षिकं, मी शिकून बाहेर पडले तेव्हाही प्रात्यक्षिकं. त्यांच्या मागून आलेली दोन माणसं वर सरकली, बाई जिथल्या तिथं. पीएच.डी.चा अर्ज त्यांनी भरून दिला होता, त्यावर मार्गदर्शक म्हणून मोठ्या सरांची सही हवी होती, आणि तो अर्ज सरांच्या टेबलाच्या उजव्या खणात होता. सर माणूस गोड. कधी आवाज चढवायचे नाहीत. "घाई काय आहे बाई, करू ना," एवढंच म्हणायचे आणि खण बंद करायचे. मी तर म्हणते आरडाओरडा करणारा परवडला. त्याच्याशी निदान भांडता येतं.

बाई राहायच्या पुलगावला. रोज पॅसेंजरने यायच्या, पॅसेंजरने जायच्या. नवरा छपरावरून पडून कमरेपासून अधू झालेला, सासू म्हातारी, सगळं घर यांच्या पगारावर. त्यामुळे नोकरी सोडून दुसरीकडे जाणं हा विषयच नव्हता. एकदा एका पोरीने भाबडेपणाने विचारलं, "बाई, तुम्ही नागपूरले काऊन नाई जात?" बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "माह्यी गाडी इकडूनच सुटते वं."

दिसायला बाई काही खास नव्हत्या. बुटक्या, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शिंप्याची टेप. टेप कायम. लग्नात गेल्या तरी. चालता चालता एखाद्या बाईचं पाऊल आवडलं की बोलायला लागायच्या, दोन मिनिटांत तिला थांबवून टाचेपासून टाचेपर्यंत मापून घ्यायच्या. बाजारात त्यांच्याबरोबर जायची आम्हाला लाज वाटायची. खोटं कशाला सांगू.

त्यांना एक वेड होतं, परिषदेचं. या विषयाची देशभरातली परिषद दर वर्षी कुठं ना कुठं भरायची. मोठे सर जायचे, बाईंनी काढलेले आकडे घेऊन, आणि येताना आम्हाला पेढे आणायचे. बाई एकदाच गेल्या होत्या, सरांचे तक्ते भिंतीवर लावायला. तिथं त्यांनी एक गोष्ट हेरली. आम्हाला नेहमी सांगायच्या, "भाषनात काई नसते पोरीहो. सारं चहाच्या सुट्टीत होते. कोन कोनासंग चहा पेते, त्याच्यावर पुढची वीस वर्सं ठरतात. आन् तुमी पोरी कपबशी धरून भिताडाले चिकटून उभ्या राह्यता."

मग त्यांनी आयोजकांना पत्रं लिहायला सुरुवात केली. साधी पोस्टकार्डं, कोरीव अक्षर. खेड्यातल्या पोरींना परिषदेत येऊ द्या, त्यांच्याकडून शुल्क घेऊ नका, राहायला वसतिगृह द्या. दहा मिनिटं का होईना, त्यांना बोलू द्या. आणि चहाच्या वेळी एकेका पोरीची एकेका मोठ्या माणसाशी जोडी लावून द्या. पहिल्या वर्षी उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी "विचार करू" असं आलं. तिसऱ्या वर्षी परिषद आमच्याच कॉलेजात भरायची ठरली, आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, आणि समितीने बाईंचं सगळं मान्य केलं. नवोदितांसाठी एक सत्र. प्रत्येक पेपरवर एकाचंच नाव. वय तिसाच्या आत.

बाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या.

ते पत्र त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा आम्ही नाचलो. आमच्या डोक्यात काही आलंच नाही. त्यांनी पत्राची घडी केली आणि पोरींची यादी करायला बसल्या.

यादीत मी होते, आणि माझे बाबा नाही म्हणाले. तिथं परगावचे पुरुष येणार, पोरगी मांडवात उभी राहून बोलणार, सोयरिकी चालू आहेत, लोक काय म्हणतील. बाई एका रविवारी एस.टी.ने तळेगावला आल्या. मला वाटलं आता शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगतील. छे! त्यांनी परिषदेचं नावच काढलं नाही. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, बैल घेता तवा काय पाह्यता तुमी?"

झालं. बाबांची कळी खुलली. बैलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडला पाहिजे. पुढं पडला तर चालीचा, मागं पडला तर आळशी. उतारावर कंबर टाकतो का ते पाहायचं. दलाल सपाटीवर चालवून दाखवतो, आपण चढावर न्यायचा. तासभर बाबा बोलत होते आणि बाई वहीत लिहून घेत होत्या, खरंच लिहून घेत होत्या. शेवटी वही मिटून म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोरगी तिथं हेच सांगनार हाये. तुमी बैलाचं सांगतलं, ते मानसाचं सांगते. दुसरं काई नाई." बाबांनी मिशीवरून हात फिरवला. मग आईला म्हणाले, "बाईसाठी चहा ठेव वं. आन् शोभीची पेटी काढून ठेव."

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय तिकडे येते.

मोठ्या सरांचा त्या परिषदेतला मुख्य पेपर होता ग्रामीण स्त्रियांच्या चालण्यावर. वर्षभर आम्ही त्याचं काम केलं होतं. आसपासच्या गावांतल्या बायांना बोलवायचं, गेरूच्या पाण्याच्या परातीत पाय बुडवायला लावायचे आणि लांबच लांब खाकी कागदावरून चालवायचं. पावलांचे ठसे उमटले की बाई टेपने अंतर मोजायच्या. सर खुर्ची टाकून समोर बसायचे. निष्कर्ष असा निघाला की आमच्याकडच्या बायांचं पाऊल फार आखूड. सरांनी त्याची कारणंही लिहिली, कुपोषण, लहानपणापासूनची ओझी, कंबरेची ठेवण. मोठा भारदस्त पेपर झाला. छापायला गेला.

पेपर गेला तरी मोजणं चालूच होतं, आणि सगळ्यात शेवटी सुभद्रामावशीची पाळी आली. ती बिचारी पदर डोक्यावरून ओढून, चपला दाराशी काढून, पाय घासत घासत कागदावरून चालून गेली. पाऊल वीतभर. बाईंनी मोजलं, लिहिलं. तेवढ्यात मेसमधून कोणीतरी ओरडलं की दूध उतू चाललंय. मावशी गेरूच्या पायांनीच धावत सुटली. नाही, धावलीसुद्धा नाही, चाललीच, पण अशा ढांगा टाकत की व्हरांड्याच्या फरशीवर लाल ठसे या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. बाई टेप हातात घेऊन त्या ठशांकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी मावशीला विचारलं, "मावशी, कागदावर अशी काऊन चालली तू?"

"म्हंजे?" मावशीला प्रश्नच कळला नाही. "समोर मोठे मानूस बसले होते ना. त्यायच्यापुढं का ढांगा टाकत चालाव काय बाई? रीतभात हाये का नाई काई?"

बाई मटकन खाली बसल्या. सत्तर-ऐंशी बाया आम्ही चालवल्या होत्या, आणि प्रत्येक बाई सासऱ्यापुढून जावं तशी चालून गेली होती. आमच्याकडे हे शेंबड्या पोरीला माहीत असतं. मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं. बाई स्वतः सरांच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. पण शास्त्र म्हणून मोजायला बसलो आणि एकीलाही सुचलं नाही. असा मूर्खपणा आमच्यासारख्याच करू जाणे.

पुढचे आठ दिवस दुपारी सर जेवायला गेले की आम्ही मेसमागच्या बोळात कागद अंथरायचो. त्याच बाया, तोच गेरू, समोर खुर्ची नाही. पावलं चांगली लांब निघाली. कुठला आखूडपणा न् काय. बाई वही घेऊन सरांकडे गेल्या. मी दाराबाहेर होते. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान निरीक्षण आहे बाई. पण आपला पेपर छापून गेलाय. पुढच्या वर्षी बघू हे." आणि वही उजव्या खणात गेली.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "खाकी कागद हायेत ना तुह्याजवळ?" आमच्याकडे ठशांचे मूळ कागद होते. त्यावरून त्यांनी सगळे आकडे पुन्हा काढले. पेपर पुन्हा लिहिला. मुख्य सत्रात वाचायचा तर सरांची सही लागणार. नवोदितांच्या सत्राला सही नको होती, पण तिथं वय तिसाच्या आत आणि नाव एकच. जे दार त्यांनी तीन वर्षं पत्रं लिहून उघडलं, त्या दारातून त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं. त्यांनी तो पेपर माझ्यापुढं ठेवला. वर माझं नाव लिहिलेलं, शोभा गावंडे.

"बाई, हे तुमचं आहे," मी म्हटलं.

"मंग मी सांगू कुठी? मावशीले त सांगून झालं."

पेपर फार हुशारीने लिहिला होता. सर चुकले असा एक शब्द त्यात नव्हता. मोजमाप करताना समोर कोण बसलं आहे याची नोंद ठेवावी, कारण आमच्या भागातल्या स्त्रीचं पाऊल त्यावर ठरतं, एवढंच मांडलेलं. त्यांनी मला तो आधी वऱ्हाडीत म्हणायला लावला, मग मराठीत, आणि मग इंग्रजीत. इंग्रजीत अडले की म्हणायच्या, "मांगं ये. वऱ्हाडीतून पुन्हा ये." पंधरा दिवस हेच.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी मांडवात मी तो पेपर वाचला. समोरच्या रांगेत मोठे सर. अध्यक्षस्थानी कलकत्त्याच्या एक वयस्क विदुषी होत्या, पांढरे केस, जाड चष्मा. बाई मागं दारापाशी, हातात चहाच्या जोड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन. माझं वाचून संपलं. मग कलकत्त्याच्या बाई पुढं झुकल्या आणि म्हणाल्या, की मुली, आम्ही सगळे मोजणाऱ्याला विसरूनच मोजत आलो आहोत. हा विचार कोणाचा? तुझा?

मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही, त्या दारात उभ्या आहेत त्यांचा. सात-आठ शब्द. इंग्रजीतसुद्धा मला ते येत होते.

पण जूनमध्ये त्याच विभागात साहाय्यकाची एक जागा निघणार होती. सरांनी मला तसं बोलून दाखवलं होतं. सर माझ्याकडे पाहत होते, नेहमीचं गोड हसत. घरी सोयरिकी चालल्या होत्या. नोकरी लागली नाही तर मी दिवाळीपर्यंत कुठल्या तरी घरात जाऊन पडणार होते. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, आणि मी म्हणाले, "सरांच्या मार्गदर्शनाखाली आमच्या विभागाने केलेलं काम आहे हे."

टाळ्या पडल्या. सर अर्धवट उठून हात जोडून बसले. मी दाराकडे पाहिलं. बाई मान खाली घालून चिठ्ठ्या लावत होत्या.

चहाच्या वेळी मी त्यांना टाळायला मांडवाच्या मागं गेले, तर त्या मला शोधत आल्या. वाटलं आता कानाखाली देतील. द्यायला हवी होती. त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. "इथं काऊन लपून राह्यली? कलकत्त्याच्या बाईसंग जोडी हाये तुह्यी. जा लवकर, चहा थंडा होऊन राह्यला." मी रडायला लागले. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, पोरांचं पुसतात तसं खसाखसा. "बरोबर बोलली तू. खरं बोलली असती त दोघी अटकलो असतो. आता एक त सुटन."

आणि मी सुटले. त्या चहातून पुढं मला कलकत्त्याला शिकायला बोलावणं आलं, साहाय्यकाच्या जागेची गरजही उरली नाही. म्हणजे त्या दिवशी जे वाचवण्यासाठी मी तोंड मिटलं, ते मला लागलंच नाही. बाबांनी स्टेशनवर येऊन निरोप दिला. बाईंच्या यादीतल्या आणखी तिघी कुठं कुठं लागल्या. बाई त्यांना पत्रं लिहायच्या, मलाही लिहायच्या. मी उत्तर द्यायची, पण मांडवातल्या त्या प्रश्नाबद्दल एक ओळ माझ्याच्याने लिहवली नाही.

अकरा-बारा वर्षं गेली. मी दुसऱ्या शहरात शिकवू लागले, माझं नाव जरा झालं, आणि त्याच विषयावर मी एक मोठा पेपर लिहिला. त्यात बाईंचे जुने आकडे वापरले, गेरूचे कागद, सुभद्रामावशी, सगळं सांगितलं. वर दोन नावं घातली, पहिलं त्यांचं. छापून आल्यावर त्याची एक सुटी प्रत घेऊन मी थेट वर्ध्याला गेले. पत्राने कळवलं नाही. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता.

बाई त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. केस पांढरे झालेले. मोठे सर आता प्राचार्य झाले होते. मी प्रत त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि त्यांचा रंगच उतरला.

"हे कोनाले इचारून केलं वं?"

"बाई, तुमचंच काम आहे."

"ते मले नोको सांगू." त्यांनी उठून दार लोटलं. "कागद विभागाचे. सराची परवानगी नाई. त्यायनं हे पाह्यलं का चौकशी लागन. दोन वर्सं राह्यले माह्ये. घरी त्यायले आता कूस बदलून द्या लागते, औषिधं हायेत. पेन्शन अटकली त मी काय करू? सांग तूच."

मला वाटलं होतं मी कर्ज फेडायला आले आहे. त्यांनी प्रत उचलली, माझी पिशवी ओढून घेतली, आणि अगदी तळाशी, टॉवेलाच्या खाली ती नीट सारून ठेवली. पिशवी माझ्या हातात दिली. मी निघाले, दारापाशी पोचले.

"थांब," त्या म्हणाल्या. "काढ ते. एकडाव वाच."

मी पुन्हा टॉवेल उपसून प्रत काढली आणि शीर्षक वाचू लागले.

"ते नाई. त्याच्या खालचं."

"कुसुम काळबांडे आणि शोभा गावंडे."

"नुसतं पह्यलं."

"कुसुम काळबांडे."

त्या टेबलाला धरून उभ्या होत्या. डोळे मिटलेले. "आखीन एकडाव," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तिसऱ्यांदा वाचणार तेवढ्यात व्हरांड्यातून कोणी येत असल्याची चाहूल लागली. बाईंनी झटकन डोळे उघडले, प्रत माझ्या हातातून घेऊन पिशवीत कोंबली आणि स्वतःच दार उघडलं. मोठे सर होते. थकले होते, मला ओळखलं नाही, पण हसणं तेच.

"कोण आलंय बाई?"

"जुनी विद्यार्थिनी आहे सर," काळबांडे बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. "दाखला हवा होता तिला. झालं तिचं काम." आणि माझ्याकडे वळून, कधी ओळख नसल्यासारख्या, "या तुम्ही आता."

मी सरांना नमस्कार केला आणि पिशवी छातीशी धरून बाहेर पडले.